रुजू होणे हाही उपचारच

डोक्याला जबर मार लागून दवाखान्यात गेलेला माणूस शुद्धीवर आला, घरच्यांना ओळखू लागला, कुणाचा हात न धरता जिना चढू लागला, की घरचे, डॉक्टर आणि साहेब या तिघांच्याही मनात एकच प्रश्न उरतो: कामावर कधी? फिट सर्टिफिकेट मिळाले, माणूस रुजू झाला, की प्रकरण मिटले असे आपण धरतो. पुढे काही महिन्यांत त्याच माणसाला मेमो का मिळतात, पेढीवर त्याला ‘काही दिवस घरी बस’ का सांगितले जाते, तो स्वतःच नोकरी का सोडतो, याची चौकशी सहसा होत नाही. झालीच तर ‘पहिल्यासारखा राहिला नाही’ या एका वाक्यावर ती संपते.

ही समजूत उथळ आहे असे माझे ठाम मत आहे. मेंदूच्या इजेनंतर कामावर जाणे म्हणजे उपचार संपणे, हे गृहीतच चुकीचे आहे. इजेचा खरा आवाका बहुतेक वेळा कामावर गेल्यावरच कळतो. म्हणून रुजू होणे ही उपचाराचीच एक पायरी धरली पाहिजे आणि शस्त्रक्रियेसारखीच ती आखून, टप्प्याटप्प्याने, कुणाच्या तरी देखरेखीखाली पार पडली पाहिजे. नुकसान मोजतानाही कोणता अवयव गेला एवढेच पाहून चालणार नाही. हा माणूस किती वेळ, किती गोंगाटात, एका वेळी किती गोष्टी सांभाळू शकतो, हे पाहावे लागेल.

हे ठाण्याच्या टेंभी नाक्याच्या संदर्भात मांडण्याला कारण आहे. जिल्ह्याचे विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय, म्हणजे ठाणेकरांचे ‘सिव्हिल’, इथले. आनंद दिघे यांनी सुरू केलेली मानाची हंडी इथेच लागते. चालत गेले तर थोड्या वेळात जांभळी नाक्याची बाजारपेठ, कोर्टनाक्यावरची न्यायालये आणि ठाणे स्टेशन. डोके फुटण्याची कारणे, ते शिवण्याची जागा, ते घेऊन पुन्हा कामाला जाण्याची ठिकाणे आणि भरपाई मागण्याची कचेरी, हे सगळे एवढ्याशा परिसरात आहे. फक्त या चौघांचा एकमेकांशी संवाद नाही.

१. ‘सीटी नॉर्मल आहे’ याचा अर्थ

डोक्याच्या इजेची तीव्रता ज्या मोजपट्टीने ठरते ती ग्लासगो कोमा स्केल १९७४ साली ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी मांडली. डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितल्यावर हातपाय हलवतो का, याचे ३ ते १५ गुण. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ आणि त्याखाली गंभीर. पहिल्या तासांत काय करायचे, कुणाला तातडीने हलवायचे, यासाठी ही पट्टी अमोल आहे. पण ‘सौम्य’ हा शेरा त्या वेळच्या शुद्धीबद्दलचा आहे. सहा महिन्यांनी हा माणूस ताळेबंद जुळवू शकेल का, याबद्दल तो काहीही सांगत नाही. केस पेपरवरचा तोच शेरा मात्र माणसाच्या कपाळी कायमचा चिकटतो.

सीटी स्कॅनचेही तसेच. रक्तस्राव, हाडाची मोड, सूज त्यात दिसते आणि जीव वाचवायला तेच दिसावे लागते. पण धक्क्याने मेंदू कवटीच्या आत हिंदकळतो तेव्हा पेशींना जोडणारे लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात. ते साध्या सीटीत बहुधा दिसत नाहीत. कवटीचा तळ पुढच्या बाजूला खडबडीत, कंगोऱ्यांचा असतो. म्हणून मार मागून लागला तरी कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग अनेकदा खरचटतो. लक्ष टिकवणे, कामांचा क्रम लावणे, सुरू केलेले थांबवणे, राग आवरणे ही कामे याच भागांची.

नेमके काय जाते आणि काय राहते, ते समजून घेतल्याशिवाय पुढचा मुद्दा पटणार नाही. जुन्या आठवणी बहुधा राहतात. भाषा राहते, हातातले कसब राहते. जाते ती विचारांची गती. ऐकलेले चार शब्द मनात धरून त्यांच्यावर काम करण्याची ताकद घटते. लक्ष एका गोष्टीवरून दुसरीवर नेऊन परत पहिलीवर आणणे जमत नाही. थोड्या बौद्धिक श्रमानेच गळून जायला होते. आणि सर्वांत घातक म्हणजे, आपले काही बिघडले आहे ही जाणीवच पुष्कळांना राहत नाही. ‘मला काही झालेलं नाही’ असे तो मनापासून सांगतो. ते खोटे नसते. ज्या अवयवाने स्वतःकडे पाहायचे तोच दुखावलेला असतो.

आता ओपीडीतली तपासणी आठवा. शांत खोली, एका वेळी एक प्रश्न. नाव काय, कुठे राहता, आज वार कोणता. विचारणारा थांबतो, उत्तर येईपर्यंत वाट पाहतो. या परीक्षेत तो माणूस पास होतो, कारण त्याला जड जाणारी एकही गोष्ट त्या खोलीत नसते.

२. काउंटरवरची दहा मिनिटे

जांभळी नाक्यावरच्या कोणत्याही घाऊक किराणा दुकानात सणाच्या आठवड्यात काउंटरवरच्या माणसाकडे दहा मिनिटे बघा. गिऱ्हाईक सांगते, ‘पाच किलो शेंगदाणे, तीन साबुदाणा, जिरं अर्धा, गूळ दोन, आणि ती मघाची मूगडाळ कशी?’ तो पोऱ्याला साबुदाणा काढायला सांगतो, स्वतः शेंगदाणे काट्यावर घालतो, मनात गुळाचा भाव लावतो. तेवढ्यात हमाल विचारतो, ‘ही गोण आत की बाहेर?’ फोन वाजतो. ऑनलाइन पैशांचा डबा मागच्या गिऱ्हाइकाची रक्कम मोठ्याने ओरडतो आणि ती त्याच्या कच्च्या बेरजेवर येऊन आदळते. शेठ गल्ल्यावरून ओरडतात, ‘कालचं कल्याणचं बिल झालं का?’ हे सगळे झेलून तो जिऱ्याकडे परत येतो. ज्याला हे काम येते त्याला यात काही विशेष वाटत नाही.

डोक्याला मार लागून दोन महिन्यांनी परतलेल्या माणसाला सगळे भाव पाठ असतात. कोणता माल कुठल्या फळीवर हे डोळे मिटून सांगतो. पहिल्या दिवशी शेठ खूश होतात. पण हमालाने प्रश्न टाकला की यादी तिसऱ्या जिनसेवर तुटते आणि ती तुटली हे त्याला कळत नाही. गिऱ्हाईक परत येते: जिरे राहिले. दुसरे येते: गुळाचे पैसे दोनदा लागले. दुपारी तीननंतर चुका वाढतात, कपाळ ठणकू लागते, पोऱ्यावर विनाकारण खेकसणे सुरू होते. शेठ म्हणतात, लक्ष नाही. पोऱ्या म्हणतो, डोक्यावर परिणाम झालाय. घरी बायको म्हणते, स्वभाव बदलला. एकाच इजेला तीन ठिकाणी तीन नावे पडतात आणि तिन्ही नावांत दोष त्या माणसाकडे जातो.

शिवाय ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या माणसाचा कामाचा दिवस फलाटावर सुरू होतो. गर्दी, कर्कश उद्घोषणा, आयत्या वेळी बदललेला फलाट, डब्यात चढताना डाव्या-उजव्या धक्क्यांचे भान, मुंब्र्याच्या आसपास दारात लोंबकळणाऱ्यांचा भार. निरोगी मेंदू हे सवयीने निभावून नेतो. इजा झालेल्या मेंदूची दिवसभराची शिल्लक त्यातच खर्च होते. तो टेबलाशी बसतो तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात आणि त्याची संध्याकाळ झालेली असते. ‘चारच तास काम दिलं होतं, तेही झेपलं नाही’ ही तक्रार ऐकली की मी विचारतो, ते चार तास कोणते होते? साडेअकराला येऊन साडेतीनला निघू दिले असते तर तोच माणूस कदाचित टिकला असता. या सवलतीला मालकाला एक पैसाही लागत नाही.

३. लाइट ड्युटीचा घोळ

कारखाने, रेल्वे, एसटी, पालिका, सगळीकडे आजारपणातून उठलेल्याला ‘लाइट ड्युटी’ देण्याची रीत आहे. हेतू चांगला असतो. पण ही रीत कंबर, गुडघा आणि हृदय डोळ्यांपुढे ठेवून पडलेली आहे. वजन उचलू नको, जिने चढू नको, बसून कर. मग बसून करायची कामे कोणती निघतात? चौकशीची खिडकी, टेलिफोन, गेटपासची नोंद, आवक-जावक, हजेरीपट. म्हणजे नेमकी तीच कामे, ज्यांत दर दोन मिनिटांनी कुणीतरी मधे बोलते, नवे नाव कानावर पडते आणि जुने मनात धरून ठेवावे लागते.

वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखान्यात वीस वर्षे लेथ चालवलेल्या कामगाराला आपण दयेने गेटवर बसवतो. लेथ थांबवली हे योग्यच. गरगरणे आणि फिट येण्याचा धोका असताना फिरत्या यंत्रापाशी त्याला उभे करू नये. पण गेटऐवजी तयार सुट्या भागांची गेजने तपासणी, अवजारे लावणे, एका मापाची मोजदाद असे काम दिले असते तर त्याचे जुने कसब कामी आले असते आणि मधे येणारे कुणी नसते. एकच काम, ठरलेला क्रम, शांत कोपरा: ही त्याची गरज आहे. काम अंगाला हलके पण डोक्याला जड, हा प्रकार आपल्या आस्थापना विभागांच्या गणतीतच नाही. गेटवर चुकल्यावर मग शेरा पडतो: लाइट ड्युटीसुद्धा जमत नाही. त्या शेऱ्यानंतर माणसाचे दोर कापले जातात.

४. अवयव मोजणारे कायदे

एकट्या मालकांना दोष देऊन भागणार नाही, कारण राज्यही असेच मोजते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेली इजांची यादी पाहा. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली, पूर्ण तर्जनी गेली तर १४, एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला तर ४०. बोटाच्या पेरापेरापर्यंत हिशेब आहे. लक्ष, स्मरण, गती यांचे नावही नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती यादी याच वळणाची राहिली.

ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला आणि गोविंदांसाठी मदत जाहीर केली: मृत्यू झाल्यास १० लाख, दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय असे दोन महत्त्वाचे अवयव गेल्यास साडेसात लाख, एखादा हात, पाय किंवा अवयव गेल्यास ५ लाख. निर्णयाचे स्वागतच करायला हवे. पण थरावरून कोसळणाऱ्याचे आधी आपटते काय? ज्याचे हातपाय धड आहेत, पण ज्याला आता दोन सूचना एकत्र लक्षात राहत नाहीत, तो पंचविशीतला गोविंदा या तक्त्याच्या कोणत्या रकान्यात बसतो? रेल्वेतून पडणाऱ्यांसाठीही १९९० च्या नियमांची अवयववार यादी आहे. मृत्यूला ८ लाख, बाकी यादीप्रमाणे. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ दोन लोकलच्या दारांतले प्रवासी रुळांवर पडले, त्यांतले काही दगावले. त्यानंतर आपोआप बंद होणाऱ्या दारांची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. वाचलेले जखमी कामावर कसे परतणार, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा आला नाही.

रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राने २०२५ मध्ये दीड लाखांपर्यंतची कॅशलेस योजना आणली. तिची मुदत ७ दिवस. जीव वाचवायला ते ७ दिवस मोलाचे आहेत. मी बोलतो आहे ते सातव्या आठवड्याबद्दल.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, पार्किन्सन आहे, मेंदूच्या इजेचे स्वतंत्र नाव नाही. मग दाखल्यासाठी नातेवाईक त्याला कधी अस्थिव्यंगाच्या, कधी मनोविकाराच्या रांगेत उभे करतात. तरीही मी हताश नाही, कारण दारे आहेत, फक्त ती कुणी ठोठावत नाही. त्या कायद्याच्या कलम २०(४) प्रमाणे सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनत करता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद, तेही नसेल तर अधिसंख्य पद द्यावे लागते. २०२१ च्या विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सोयीसवलतींचा हक्क ४० टक्के अपंगत्वाच्या अटीवर अडवता येणार नाही. आणि २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात तर मुळावरच बोट ठेवले आहे: अवयवाच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाई बुडाल्याची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हात गेलेल्या ड्रायव्हरचे आणि हात गेलेल्या कारकुनाचे नुकसान सारखे नसते. हाच न्याय मेंदूला लावा. मोटार अपघात दाव्यात वकिलाने हाडांच्या डॉक्टरबरोबर मेंदूच्या क्षमतांची चाचणी करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचा अहवालही जोडायला हवा, तो सहसा जोडला जात नाही.

५. आखणी कशी असते

हे सगळे नवे शोधायचे नाही. १९७३ च्या युद्धातून डोक्याला इजा होऊन आलेल्या इस्रायली सैनिकांबरोबर आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये येहुदा बेन-यिशाय यांनी दिवसभराचे पुनर्वसन उभे केले. त्यात आपल्या उणिवेची जाणीव होणे हीच पहिली पायरी होती. ब्रिटनमध्ये बार्बरा विल्सन यांनी साध्या पेजरवर आठवणीचे निरोप पाठवून माणसांना दैनंदिन कामे स्वतःची स्वतः करायला लावली. अमेरिकेत पॉल वेमन यांनी आधी प्रशिक्षण आणि मग नोकरी हा क्रमच उलटवला: आधी प्रत्यक्ष कामावर ठेवा आणि शिकवणारा माणूस तिथेच बरोबर द्या. आपल्याकडे बेंगळुरूच्या निम्हान्सने २००४ मध्ये भारतीयांसाठी प्रमाणित केलेला चाचणीसंच प्रसिद्ध केला. मुंबईत हाजीअलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून आहे. ज्ञान हाताशी आहे. ते डोंबिवलीच्या घरापर्यंत पोचत नाही, एवढाच प्रश्न आहे.

माझ्या मते किमान आखणी अशी असावी. फिट सर्टिफिकेटवर फक्त ‘फिट’ असे न लिहिता डॉक्टरांनी तास, गोंगाट, यंत्र, वाहन आणि विश्रांती यांबद्दल एकेक ओळ लिहावी. पहिले काही आठवडे कमी तास, गर्दीबाहेरची वेळ, एकच काम. सूचना तोंडी न देता लिहून. खिशात एक वही आणि मोबाइलचा गजर, आणि ती वही पाहण्याची लाज वाटू नये असे वातावरण. थकण्याच्या आधी ठरलेली विश्रांती, थकल्यानंतरची नव्हे. एक सहकारी, ज्याला खरे काय ते माहीत आहे आणि जो दिवसाअखेरी चुका मोजेल. काम वाढवायचे ते त्या मोजणीवरून. ‘आता मी एकदम ठीक आहे’ या त्याच्या शब्दावरून नाही.

६. आक्षेप

पहिला आक्षेप दबक्या आवाजात येतो: लोक सोंग करतील. काही करतीलही. पण चाचण्यांमध्ये प्रामाणिक प्रयत्न झाला की नाही हे ताडण्याच्या पद्धती आहेत, आणि सोंग घेणारा सहसा स्मरणच गेल्याचे नाटक करतो. गती मंदावणे, तिसऱ्या प्रहरी चुका वाढणे हा नेमका साचा त्याला ठाऊक नसतो. उलट नोकरी जाईल या भीतीने उणीव लपवणाराच मला अधिक चिंतेचा वाटतो. तो सुट्टीच्या दिवशी लपून जुनी बिले तपासतो आणि सोमवारी आणखी थकून येतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: चार माणसांच्या दुकानात ही चैन कशी परवडावी? खरे आहे, कलम २०(४) सुद्धा सरकारी आस्थापनांपुरतेच आहे. पण वर सांगितलेल्या आखणीत पैसा लागतो तो घटलेल्या तासांच्या पगाराचा. तो भार राज्य कामगार विम्यासारख्या योजनेने काही महिने उचलावा, ही मागणी अवाजवी नाही. नवा माणूस घेऊन त्याला दोनशे जिनसांचे भाव शिकवण्यालाही खर्च येतोच.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. इथे माझे मत कडक आहे. रिक्षा, बस, क्रेन, उंचावरची वायरिंग यांवर दयेपोटी कुणालाही परत पाठवू नये. वाहन परवान्याच्या अर्जातच अपस्मार आणि एकाएकी शुद्ध हरपणे याबद्दल प्रश्न असतो. तिथे खोटे उत्तर लिहिले तर रस्त्यावरचा तिसरा माणूस मरेल. पण रिक्षावाल्याला ‘चालवू नको’ सांगून घरी पाठवणे हा अर्धाच सल्ला झाला. त्याचा मालक नाही, त्याला विमा नाही, त्याच्या रिक्षाचा हप्ता थांबत नाही. त्याच्यासाठी आखणी करायची तर ती सरकारी दवाखान्यातूनच व्हावी लागेल.

आणि शेवटी तो प्रेमळ सल्ला: ‘कामात मन रमेल, आपोआप सुधारेल.’ काम माणसाला उभे करते यावर माझाही विश्वास आहे, म्हणून तर हा लेख. पण न झेपणाऱ्या कामात रोज हरणारा माणूस खचत जातो. मोडलेल्या पायाच्या माणसाला आपण प्लास्टर काढल्याबरोबर गडावर नेत नाही.

७. एक मागणी

टेंभी नाक्याजवळ जुन्या सिव्हिलच्या जागी ९०० खाटांचे नवे रुग्णालय उभे राहत आहे. तिथे चांगल्या शस्त्रक्रिया होतील, सीटी-एमआरआयची यंत्रे येतील, सायनला पाठवावी लागणारी डोकी इथेच शिवली जातील. माझी मागणी यंत्राची नाही. त्या इमारतीत आठवड्यातून एक दिवस, एका खोलीत, ‘डोक्याच्या इजेनंतर कामावर परतणे’ अशी ओपीडी चालवा. एक मेंदूविकारतज्ज्ञ, मराठीतून चाचणी घेणारा एक मानसशास्त्रज्ञ, एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आणि एक समाजसेवा अधीक्षक, जो मालकाला फोन करील आणि दिव्यांग दाखल्याचा अर्ज भरून देईल. डिस्चार्जच्या कागदावर त्या ओपीडीची तारीख आधीच छापा, म्हणजे ‘मला काही झालेलं नाही’ म्हणणाऱ्यालाही घरचे घेऊन येतील. इमारत पुरी व्हायच्या आत ठाण्याच्या लोकप्रतिनिधींनी आणि आरोग्य उपसंचालकांनी या खोलीचा निर्णय घ्यावा.